'एक पुणेकर पालक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

गांजाची विक्री परवान्याखाली आणावी, तिच्यावर कर लावावा आणि तो सगळा पैसा व्यसनमुक्तीसाठी राखून ठेवावा, असे मी गेल्या लेखात लिहिले होते. त्यावर 'एक पुणेकर पालक' या नावाने आलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. गांजा ही गर्द (म्हणजे हेरॉइन) आणि एमडी (मेफेड्रोन) अशा कडक अमली पदार्थांकडे नेणारी पहिली पायरी आहे, दारूवर कर लावून दारू कमी झाली नाही, हे सारे पाश्चात्त्यांचे अंधानुकरण आहे, पोर्तुगालविषयीचे माझे विधान चुकीचे आहे आणि म्हणून हा लेख मी काढून टाकावा, असे त्यांचे म्हणणे आहे. मधेच एक वाक्य आहे: 'कोथरूडच्या गॅलरीत बसून गांजाचा महसूल मोजणाऱ्यांच्या घरात कधी व्यसनी माणूस नसतो.'

पोर्तुगालचा आक्षेप मला मान्य आहे. तेथे 2001 मध्ये अमली पदार्थ कायदेशीर झाले असे मी लिहिले होते, ते चूक आहे. वैयक्तिक वापरापुरता साठा जवळ बाळगणे हा तेथे फौजदारी गुन्हा राहिला नाही, विक्री मात्र आजही गुन्हाच आहे, त्यामुळे कराचा प्रश्नही उद्भवत नाही. चूक दाखवल्याबद्दल आपले आभार. परंतु त्याला जोडून 'अभ्यास न करता लिहिणाऱ्यांची पुण्यात कमतरता नाही' असे लिहिण्याची गरज नव्हती. चूक दाखवायला एक ओळ पुरली असती.

आता गॅलरीच्या त्या वाक्याविषयी.

माझा धाकटा भाऊ 1986 मध्ये एकोणीस वर्षांचा होता. आम्ही तेव्हा नारायण पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. कोथरूडचे घर पुष्कळ नंतरचे. तो मित्रांबरोबर नदीकाठी चिलीम ओढतो हे मला ठाऊक होते आणि ते मी वडिलांपासून लपवले होते. त्या वर्षी त्याच्याजवळ गांजाच्या दोन पुड्या सापडल्या. खटला दीड वर्ष चालला, पण पिंपरीच्या एका कारखान्यातली त्याची उमेदवारी पहिल्या महिन्यातच गेली. दिवसभर घरी बसलेला हा मुलगा संध्याकाळी पुन्हा त्याच विक्रेत्याकडे जाऊ लागला, आणि एके दिवशी त्या माणसाने 'आज गांजा नाही' असे सांगून त्याच्या हातावर गर्दची पुडी ठेवली. पहिल्या वेळी पैसे घेतले नाहीत. हे मला भावाने स्वतः सांगितले, टर्कीच्या, म्हणजे गर्द बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाच्या, तिसऱ्या रात्री, आईच्या मांडीवर डोके ठेवून.

आपण म्हणता ती पायरी मी अशी पाहिली आहे. एकाच माणसाच्या एका खिशात गांजा होता आणि दुसऱ्या खिशात गर्द, आणि गर्दमध्ये त्याला नफा अधिक होता. गांजा घ्यायला येणाऱ्या मुलाची गर्द विकणाऱ्याशी गाठच पडू नये, याच विचाराने नेदरलँड्सने 1976 मध्ये आपल्या कायद्यात दोन प्रकारच्या पदार्थांत भेद केला, आणि गांजा विकू दिलेल्या तिथल्या कॉफी शॉपमध्ये कडक अमली पदार्थ ठेवायला सक्त मनाई आहे. ज्याला परवाना टिकवायचा आहे, तो दुकानदार गिऱ्हाइकाच्या हातावर फुकट गर्द ठेवणार नाही. माझ्या लेखाचा गाभा एवढाच होता, आणि तो आपल्या प्रतिक्रियेत कोठेही आलेला नाही.

येरवड्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 मध्येच सुरू झाले होते. आम्ही भावाला तेथे नेले 1989 मध्ये. मधली तीन वर्षे आईने त्याला घरात दडवून ठेवले, कारण उपचाराला नेले तर नाव नोंदले जाईल, पुन्हा पोलीस दारात येतील, अशी भीती तिच्या मनात त्या पहिल्या खटल्याने घातली होती. तोवर तिच्या पाटल्या गेल्या होत्या, माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी गेली होती. तो दोनदा बरा होऊन परतला आणि दोन्ही वेळा पुन्हा घसरला. 1993 च्या पावसाळ्यात तो गेला, तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. आपण 'पालक' म्हणून सही करता. माझी आईही पालकच होती, आणि तिच्या घरात व्यसनी माणूस नव्हता असे तुम्ही, ओळखदेख नसताना, चार लोकांसमोर लिहून मोकळे होता. ही कोणती रीत झाली?

राहिलेल्या मुद्द्यांवर फार लिहिण्याची इच्छा उरलेली नाही. अनुकरणाचे म्हणाल, तर 1893-94 च्या भांग-गांजा आयोगाने हिंदुस्थानभर साक्षी घेऊन सरसकट बंदी नको, परवाना आणि कर हवा, असेच सुचवले होते. अमली पदार्थांविषयीचा 1985 चा कायदा येईपर्यंत देशाच्या काही भागांत गांजा परवान्याच्या दुकानांत मिळत होता, आणि भांगेची पाने आजही त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येबाहेर आहेत. दारूचे म्हणाल, तर मुंबईतल्या मालवणीत जून 2015 मध्ये शंभराहून अधिक माणसे ज्या दारूने मेली, ती परवान्याच्या दुकानातली नव्हती. कर फार वाढवला की चोरटा बाजार टिकून राहतो, हे कॅलिफोर्नियात दिसले आहे. दर किती असावा हा स्वतंत्र विषय आहे. एमडी खुली करा असे मी कोठेही म्हटलेले नाही. ती पूर्णपणे बंदीत असतानाच फेब्रुवारी 2024 मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून पुणे पोलिसांनी शेकडो किलो एमडी पकडली, याचाही आपण विचार करावा.

लेख मी काढणार नाही. पोर्तुगालचे वाक्य काल रात्रीच दुरुस्त केले आहे आणि दुरुस्तीची नोंद लेखाखाली दिली आहे. आपली प्रतिक्रियाही मी जशीच्या तशी ठेवली आहे. गॅलरीचे ते वाक्य मात्र आपण स्वतः मागे घ्यावे, अशी माझी अपेक्षा आहे.