सुपरहिरोची रजा नामंजूर कशी करावी

आपल्या गावात उडणारा, भिंती चढणारा किंवा गरगर फिरत येणारा एखादा इसम असेल, तर पहिली खबरदारी ही घ्या की त्याला रविवार मिळता कामा नये. एकदा का मटण-भात जेवून पंख्याखाली आडवं व्हायची चटक लागली, की माणूस हातचा गेला. आमच्या लहानपणीचा शक्तिमान बघा, रविवारी दुपारी बाराला दूरदर्शनवर ड्यूटीला हजर! एरवी गंगाधर होऊन, पुढे आलेले दात आणि चापून बसवलेले केस सांभाळत पेपरासाठी फोटो काढायचा. तो दमत असेल का, असं आमच्यापैकी एकानेही कधी विचारलं नाही. आम्ही विचारायचो ते एवढंच, की जाहिराती कधी संपणार?

त्याला नोकरी लावायची तर पेपरातच लावा. सुपरमॅन एरवी क्लार्क केंट नावाचा बातमीदार, स्पायडरमॅन एरवी पीटर पार्कर नावाचा फोटोग्राफर, गंगाधरही फोटोग्राफरच. पगार बेताचा, वेळेचा पत्ता नाही, मधेच गायब झाला तरी ऑफिसला वाटतं बातमीवर गेलाय. पीटरचं तर आणखी छान. स्वतःचेच फोटो काढून तो ज्या संपादकाला विकतो, तोच संपादक स्पायडरमॅन म्हणजे शहराला धोका असं छापतो. राबायचं त्याने, फोटो त्याचा, वर शिव्याही त्यालाच. इतक्या काटकसरीत कुठली नगरपालिका चालते सांगा.

तरी कुरकुर केलीच, तर ताकदीसोबत जबाबदारी येते हे वाक्य ऐकवा. स्पायडरमॅनच्या १९६२च्या पहिल्या गोष्टीत ते पीटरच्या बेनकाकांच्या तोंडी नाहीच, शेवटच्या चौकटीत निवेदक म्हणतो. पुढे ते काकांच्या नावावर जमा झालं, आणि झालं ते बरंच झालं. निवेदकाशी वाद घालता येतो, वारलेल्या काकांशी कसा घालणार? वाक्य छान फ्रेम करून घ्या. फक्त लावायचं त्याच्या घरात, आपल्या नाही.

लग्नाचं मात्र सांभाळून. सुपरमॅन १९३८ साली आला आणि मुख्य कथेत त्याचं लोइस लेनशी लग्न लागलं १९९६ साली. अठ्ठावन्न वर्षं! आमच्याकडे पत्रिकेत कडक मंगळ असलेल्यांचीही याच्या आधी उजवतात. पीटरचं १९८७ साली जरा घाईने उरकलं, पण चूक लक्षात आल्यावर २००७ साली सुधारली. गोळी लागलेल्या त्याच्या काकूंचा, म्हणजे बेनकाकांच्या बायकोचा, जीव वाचवायला सैतानाशी सौदा, आणि मोबदल्यात लग्न असं पुसलं की नवराबायकोलाही आठवू नये. संसारी माणूस वयस्क वाटतो, म्हणे. सुपरहिरोने जग वाचवावं, पण संध्याकाळी घरी जाताना कोथिंबीर घेऊन गेला की आपल्याला कसंतरीच होतं.

एवढं करूनही तो राजीनामा देईल. घाबरू नका. १९६७ साली पीटरने दिलाच होता. अभ्यास मागे पडलेला, काकू आजारी, पेपरात रोजची बदनामी. भर पावसात गल्लीतल्या कचऱ्याच्या डब्यात पोशाख कोंबून तो चालता झाला. एका पोराने तो उचलून थेट त्या संपादकाकडे नेला आणि संपादकाने खुशीत ऑफिसात टांगला. पुढे एका म्हाताऱ्या वॉचमनला गुंडांनी घेरलेलं पीटरला दिसलं, त्याच्यात काका दिसले, आणि गडी परत कामावर. नोटीस नाही, चौकशी नाही. तेव्हा वेळप्रसंगासाठी एखादा म्हातारा वॉचमन हाताशी असू द्या.

शक्तिमान वाचवेल या भरवशावर पोरं नको ते धाडस करतात अशी ओरड झाली, तेव्हा शक्तिमान झालेले मुकेश खन्ना स्वतः पडद्यावर येऊन असं करू नका म्हणून मुलांना समजवायचे. मोठ्यांना मात्र कुणी समजावलं नाही. त्यामुळे आमची श्रद्धा अजून शाबूत आहे.

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांना पाण्याच्या पंपाची मोटर कळते. बाकी उडता वगैरे येत नाही, गुडघेही दुखतात. मोटरने हवा धरली की ते खाली उतरतात, वरचा बोल्ट सैल करून तांब्याने पाणी ओततात, आणि पंप सुरू. हे त्यांनी आम्हा सगळ्यांना दोनदा दाखवलंय. एकाने मोबाइलवर व्हिडिओही काढलाय. मे महिन्यात काका पाच दिवस गावी गेले आणि दुसऱ्याच दिवशी मोटरने हवा धरली. ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला, त्याला अंगठे पडले. मग आम्ही टँकर मागवला आणि काकांना फोन लावला. नंतर पुन्हा लावला. बायकोने लावून पाहिला.

काका दोन दिवस आधीच परतले. रात्री साडेदहाला रिक्षातून उतरले, आंब्याची पेटी पंपाच्या खोलीच्या दारात ठेवली आणि प्रवासातल्याच कपड्यांत बोल्ट फिरवायला बसले. आम्ही आठ-दहा जण मोबाइलचे टॉर्च धरून भोवती उभे होतो. तांब्या कुणी आणला नव्हता, तो आणायला काकूच वर गेल्या. मोटर चालू झाली तशी टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला आणि सेक्रेटरी काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"काका, पुढच्या वेळी गावी जायचं असेल तर आधी मीटिंगमध्ये विषय घेत जा."