शेअर ड्राइव्ह उघडत नाही म्हणून एसएमबी १ चालू करू नका

ऑफिसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरत असतो: ‘नव्या विंडोजमध्ये शेअर केलेला ड्राइव्ह उघडत नसेल तर विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १.० चालू करा, शेअरिंगचा पासवर्ड काढा, फायरवॉल बंद करा. मॅक आणि लिनक्सवाल्यांना विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही, त्यांनी नाद सोडावा.’ एसएमबी म्हणजे नेटवर्कवरून फायली शेअर करायची विंडोजची पद्धत, आणि १ ही तिची जुनी आवृत्ती. सल्ल्यातलं काही केलं की कधीकधी ड्राइव्ह उघडतो, म्हणून लोक तो पुढे पाठवतात. माझ्या मते हा सल्ला घातक आहे.

आधी एसएमबी १. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या आवृत्तीतल्या भगदाडातून. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण असंख्य मशीनांवर ती चढवलेलीच नव्हती. जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने इतर वाटांसोबत हीच वाट वापरली आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं न्हावाशेव्याचं कंटेनर टर्मिनलही विस्कळीत झालं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या विंडोज १० पासून एसएमबी १ नव्या मशीनवर आपोआप चालू राहत नाही, ते उगाच नाही.

मग तो चालू केल्यावर मशीन दिसायला कसं लागतं? ‘नेटवर्क’मधली जुनी यादी एसएमबी १ च्या आधारावर बनायची. यादीत नाव नाही याचा अर्थ शेअर बंद आहे असा होत नाही. एक्सप्लोररच्या ॲड्रेस बारमध्ये दोन उलटे स्लॅश, मशीनचं नाव, पुन्हा एक उलटा स्लॅश आणि शेअरचं नाव टाका. बहुतेक वेळा फोल्डर समोर येतो. खरी अडचण असते ती फक्त जुनीच आवृत्ती समजणाऱ्या झेरॉक्स-स्कॅनर मशीनची. तिथे फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट शोधा, नाहीतर स्कॅन ईमेलवर पाठवा. एका स्कॅनरसाठी हिशेबाचं मशीन उघडं ठेवू नका.

पासवर्ड काढण्याचा उपाय तर आता चालतही नाही: विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून आत शिरू पाहणारं कनेक्शन मुळातच नाकारतं. बहुतेकांचं घोडं अडतं ते पिनपाशी. रोज चार आकडी पिन टाकून मशीन उघडायची सवय असते, तोच पिन शेअरला दिला की ‘पासवर्ड चुकीचा’. पिन त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवर खात्याचा पासवर्डच लागतो. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे ज्या मशीनवर फोल्डर आहे तिथे शेअरसाठी वेगळा लोकल यूजर बनवा. ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’ या दोन्ही टॅबमध्ये त्याला परवानगी द्या, कारण दोन्हींपैकी जी कडक तीच लागू होते. आणि जोडणाऱ्या मशीनच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोजची पासवर्ड साठवायची जागा) जुना पासवर्ड साठून बसला असेल तर तो आधी उडवा.

फायरवॉलचं फार सांगण्यासारखं नाही. नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा आणि फाइल शेअरिंगला परवानगी द्या, एवढं पुरतं. राउटरवर ४४५ पोर्ट (एसएमबीचं दार) मात्र कधीही उघडू नका. बाहेरून काम करायचं तर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) घ्या.

आता मॅक-लिनक्सबद्दल. एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटची हार्ड डिस्क थेट मॅकला जोडली तर फक्त वाचता येते, हे खरं. पण नेटवर्कवर डिस्कवर लिहिण्याचं काम विंडोजच करतं, मॅक नुसती फाइल पाठवतो. तिथे एनटीएफएसचा प्रश्नच येत नाही. फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबा, सरळ स्लॅशचा एसएमबी पत्ता द्या, झालं. ॲपलने २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून एसएमबी २ लाच पहिली पसंती दिली आहे. लिनक्सवरचं सांबा हे एसएमबीचं सॉफ्टवेअर तर अँड्र्यू ट्रिजेलने ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहायला घेतलं, आणि आज कित्येक नॅस (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या) डब्यांच्या पोटात तेच चालतं. लिनक्सवर ‘लिहिता येत नाही’ असं जे दिसतं, त्यामागे बऱ्याचदा शेअर माउंट करताना (जोडताना) यूआयडी, म्हणजे आपल्या यूजरचा क्रमांक, न देणं असतं: सगळ्या फायली रूटच्या (मुख्य ॲडमिनच्या) नावावर जातात आणि तुम्ही बघत राहता.

तुमच्याकडे कोणती आवृत्ती चालते ते पाहायचं असेल तर शेअर उघडा ठेवून ॲडमिन पॉवरशेलमध्ये ‘गेट-एसएमबीकनेक्शन’ ही कमांड इंग्रजी अक्षरांत द्या. ‘डायलेक्ट’च्या रकान्यात ३.१.१ दिसलं तर ठीक. आकडा १ ने सुरू होत असेल तर समोरचं मशीन कोणतं ते शोधा, त्याची सोय लावा आणि विंडोज फीचर्समधली एसएमबी १.० ची टिक काढून मशीन रीस्टार्ट करा.