परदेशी झाड, परदेशी माणूस

पावसाळा तोंडावर आला की पुण्याच्या टेकड्यांवरून दरवर्षी एकच भांडण पेटतं आणि व्हॉट्सॲपवरून इकडे न्यूझीलंडमध्ये माझ्यापर्यंत पोचतं. एक पक्ष म्हणतो, गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) हे झाड परदेशी आहे, उपटून टाका, देशी झाडं लावा. दुसरा म्हणतो, झाड ते झाड. सावली देतंय, हिरवं दिसतंय, तोडणारे तुम्ही कोण? टेकडीवर जीव दोघांचाही आहे. पण खाली वाकून जमीन बघायची तसदी दोघांनीही घेतलेली दिसत नाही.

'परदेशी' हे कारणच मुळात लंगडं आहे. मिरची, भुईमूग, बटाटा, टोमॅटो हे सगळं अमेरिका खंडातून आलं, आणि यातलं काहीही रान गिळत सुटलेलं नाही. त्रास देणारी जात ती, जी न पेरता पसरते आणि पसरते तिथे दुसऱ्याला उगवू देत नाही. घाणेरी, रानमोडी, गाजर गवत, जलपर्णी, वेडी बाभूळ ही त्यातली ठळक नावं. गिरीपुष्पाचं तसं सरळ नाही. शेताच्या बांधावर ते गुणाचं झाड आहे: मुळांवरच्या गाठींत नत्र साठवतं, पाला हिरवळीच्या खताला चालतो. दख्खनच्या उथळ, मुरमाड टेकडीवर मात्र त्याच गुणांचा दोष होतो. तिथे मूळचं काय, तर कुसळी, मारवेल, पवन्या ही गवतं आणि मध्ये विरळ सालई, मोई. गिरीपुष्प दाट लागलं की सावलीत गवत मरतं, आणि गवत गेलं की पहिल्या जोरदार पावसात मातीही जाते. चंडोलासारखे जमिनीवर घरटं करणारे पक्षी तर केव्हाच उठलेले असतात.

पण आपल्याकडे पिवळा डोंगर दिसला की त्याला पडीक म्हणायची खोड आहे. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४, २०१८ मध्ये १३ आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं. कोटींचा आकडा गाठायचा तर खड्डे सोपे पडतात ते मोकळ्या माळावर. माळरान हीच एक परिसंस्था आहे, तिथे झाड लावणंही नुकसान असू शकतं, हे सांगणाऱ्याला वृक्षद्रोही ठरवायला दोन मिनिटं लागत नाहीत.

इथे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर शनिवारी सकाळी करवती घेऊन टसॉकच्या (झुबकेदार देशी गवताच्या) डोंगरावर जाणारे लोक झाडंच तोडायला जातात. कॉन्टोर्टा या परदेशी पाइनचं बी वाऱ्यावर दूरवर जातं, म्हणून रोपाला फळ धरण्याआधीच ते काढायचं, आणि कापायचं ते सगळ्यात खालच्या हिरव्या सुईच्याही खाली. एक हिरवी फांदी राहिली तरी पाइन पुन्हा उभा राहतो. यांना कुणी झाडाचे वैरी म्हणत नाही. उत्तर बेटावर काउरी या देशी वृक्षाच्या जंगलात शिरताना मातीतून रोग पसरू नये म्हणून बूट ब्रशने घासून जंतुनाशकात बुडवायचे, विमानतळावर ट्रेकच्या बुटांची माती जाहीर केली नाही तर ४०० डॉलर दंड; त्यावरही कुणी कुरकुरत नाही. (इथल्या लाकूडधंद्याचा कणा मात्र परदेशी पाइनच आहे. ते इथलं कुणी फारसं बोलून दाखवत नाही, आणि माझ्या मुद्द्यालाही ते सोयीचं नाही.)

'डॉलरमध्ये बसून सल्ले देणं सोपं आहे' हे उत्तर ठरलेलं असतं. असेल. पण घाणेरी काढायची सगळ्यात चांगली रीत काही न्यूझीलंडची नाही, ती भारतातलीच आहे; दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेली. कोयत्याने वरून छाटली की घाणेरी चिडल्यासारखी फुटते, कारण फुटव्यांचे डोळे बुंधा आणि मूळ जुळतात त्या भागात असतात. म्हणून कुदळीने मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडायचं. मग झुडूप उचलून मुळं वर, फांद्या खाली असं उलटं ठेवून वाळवायचं, नाहीतर ओल्या मातीला टेकलेला बुंधा पुन्हा धरतो. हे फळं पिकण्याआधी उरकायला हवं. एवढ्यावर काम संपत नाही. घाणेरीची फळं पक्षी खातात, त्यामुळे पहिल्या पावसानंतर पक्षी बसतात त्या झाडांखाली रोपांचा गालिचा उगवतो. तो हाताने उपटायचा आणि मोकळ्या जागी लगेच स्थानिक गवताचं बी टाकायचं. निदान दोन-तीन पावसाळे हे चालू ठेवावं लागतं. फसतं ते इथेच: ठेकेदाराला पैसे मिळतात साफ केलेल्या हेक्टरचे, आणि तेही एकदाच. फोटो निघतात, दुसऱ्या वर्षी रान जास्त दाट.

इथल्या गॉर्स या बाहेरून आलेल्या झुडपाचं उदाहरण दुसऱ्या पक्षाला आवडेल. बँक्स पेनिन्सुलावर वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यू विल्सन यांनी १९८७ पासून हिनेवाई राखीव क्षेत्रात हे काटेरी झुडूप तोडलंच नाही. त्याच्या आडोशाला देशी रोपं वाढली, उंच झाली आणि त्यांच्या सावलीत गॉर्स मेलं. मग गिरीपुष्पाखालीही तसंच होईल, थांबा, असं म्हणता येईल का? नाही. गॉर्सला ऊन लागतं, जवळच देशी जंगल शिल्लक होतं, गुरं आणि आग बाहेर ठेवली होती, आणि परत आणायचं होतं ते जंगल. गवताला सावलीत वाट बघता येत नाही.

आता मला न पेलणारा भाग. इथल्या उपद्रवी जातींच्या यादीत आपली साळुंकी आहे. १८७० च्या दशकात किडे खायला म्हणून आणली. आता दुसऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं घरट्याबाहेर टाकते म्हणून पिंजऱ्यात पकडून मारतात. हिमालयातला थार हा रानबकरा १९०४ मध्ये शिकारीसाठी सोडला. तिकडे तो घटतोय, इकडे त्याला हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालतात. सोनटक्क्याची हिमालयातली पिवळी बहीण इथे जंगलाची जमीन कंदांनी झाकून टाकते. तिचं खोड बुडाशी असलेल्या गुलाबी वळ्याच्या वर कापून लगेच तणनाशकाची जेल लावायची, आणि कंद कचऱ्याच्या ट्रान्स्फर स्टेशनला न्यायचे. जमिनीवर पडलेला तुकडाही रुजतो. हे सगळं मला पटतं. तरी काउन्सिलच्या पत्रकात 'भारतातून आलेली, आक्रमक, स्थानिकांची जागा बळकावणारी' असं साळुंकीबद्दल वाचताना कान गरम होतात. गुरांच्या चराईचं रायग्रासही बाहेरूनच आलंय, त्याला असं कुणी बोलत नाही. त्यावर दूध निघतं. म्हणून पुण्याचे लोक 'परदेशी हटवा' म्हणतात तेव्हा माझी चिडचिड निव्वळ शास्त्रीय असते, असा दावा मी करणार नाही.

टेकडीचं म्हणाल तर सगळं गिरीपुष्प एकदम कापू नका. अचानक ऊन आलं की मोकळ्या जागेत आधी घाणेरी आणि गाजर गवत घुसतं. तुकडा लहान घ्या, जितका तेच लोक पुढच्या पावसात पुन्हा निंदू शकतील तितकाच. खुंटाला फुटवे येणारच. ते कोवळे असतानाच, वर्षातून अनेकदा मोडावे लागतात. गवताचं बी टेकडीवरच्याच उरलेल्या पट्ट्यातून घ्या, रोपवाटिकेतलं नको. आणि गवत वाढलं की वणव्याचा धोका आला, तेव्हा जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) डिसेंबर-जानेवारीतच काढून ठेवा, मार्चमध्ये धूर दिसल्यावर नव्हे.