सिक्वोयाची अक्षरं

काल रात्री चेरोकी या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांच्या लिपीचा तक्ता मोबाइलवर उघडून स्वतःचं नाव लिहायला बसले. जमेना. नावात 'प' आहे, 'र' आहे आणि चेरोकी भाषेत हे आवाजच नाहीत! शेवटी 'मामी' लिहून समाधान मानलं. त्यातला 'मी' दिसतो हुबेहूब इंग्रजी एचसारखा.

तसाच 'आ' डीसारखा, 'ला' डब्ल्यूसारखा, 'लू' एमसारखा. एवढ्यावरून लोक म्हणतात, लिपी इंग्रजीवरून उचललीय. अहो, उचलली असती तर एचला 'ह' नसतं का म्हटलं? ही लिपी घडवणाऱ्या सिक्वोयाला, तो स्वतः चेरोकीच, इंग्रजी वाचता येत नव्हतं. छापील पानावरचे काही आकार त्यानं घेतले, आवाज आपल्या भाषेचे घातले. बाकी कितीतरी आकार त्याचे स्वतःचे.

'अडाणी माणसाचा चमत्कार' हे कौतुकही मला खटकतं. चमत्कार कसला, बारा वर्षांची मेहनत! हा पायानं अधू असलेला, चांदीकाम करणारा माणूस. 1809 च्या सुमारास त्यानं शब्दागणिक एक खूण काढायला घेतली. खुणांचा ढीग झाला, तो नाद सोडला. मग बोलणं कान देऊन ऐकलं आणि तेच ते तुकडे परत परत येतात हे हेरलं. आपण बाराखडी घोकलेली माणसं, आपल्याला हे पटकन कळावं. फक्त आपल्या 'गा', 'गी', 'गे'मध्ये 'ग' तोच राहतो. त्याच्याकडे तिघांची तोंडं तीन दिशांना. 'स' तेवढा सुटा. एकूण 86 अक्षरं, पुढे एक गळून 85 राहिली.

1821 मध्ये पुढाऱ्यांसमोर परीक्षा झाली. शंका होतीच, जादूटोण्याचीसुद्धा. लेक आयोका लहानगी, तिला दूर बसवलं. लोकांनी सांगितलेलं बापानं लिहिलं, पोरीनं घडाघडा वाचून दाखवलं. त्या लिपीची पहिली वाचक ही पोर, आणि तिचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

1825 मध्ये चेरोकी राष्ट्रानं लिपी स्वीकारली. 1828 मध्ये जॉर्जियातल्या न्यू एकोटाहून, म्हणजे चेरोकींच्या राजधानीतून, 'चेरोकी फीनिक्स' हे इंग्रजी-चेरोकी वर्तमानपत्र निघालं. 1835 मध्ये जॉर्जिया गार्डच्या, म्हणजे जॉर्जिया राज्याच्या फौजेच्या, शिपायांनी छापखाना जप्त केला. तीन वर्षांनी तर लोकांनाच बंदुकीच्या धाकानं पश्चिमेला हाकललं, वाटेत हजारो मेले.

1954 मध्ये न्यू एकोटात उत्खनन झालं, तेव्हा मातीतून चेरोकी अक्षरांचे छपाईचे खिळे निघाले.