मे महिन्यात हीटर

गाडीचं इंजिन गार ठेवणारं कूलंट बदलायचे मेकॅनिकने सांगितलेले पैसे ऐकले आणि बायकोला म्हटलं, यात आहे काय, जुनं पाणी काढायचं नवीन ओतायचं, कुंडीला पाणी घालतो तसं. ती म्हणाली, "तुझी तुळस गेल्याच महिन्यात गेली." मी विषय वाढवला नाही.

रविवारी सकाळी सातलाच पार्किंगमध्ये उतरलो, कारण इंजिन पूर्ण गार असल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही एवढं तरी मला माहीत होतं, नाहीतर प्रेशर न उतरलेला कुकर उघडल्यासारखं सगळं थेट तोंडावर. बादली काही गाडीखाली जाईना, म्हणून वर जाऊन माळ्यावरची एक परात आणली. आडवा झालो, पोट आधी अडकलं मग मी. ड्रेन प्लग प्लास्टिकचा, तुटेल या भीतीने हळूच फिरवतोय, पाच मिनिटांनी कळलं की उलटा फिरवतोय. सुलटा फिरवला तर धार परातीत पडायच्या आधी माझ्या बाहीतून काखेपर्यंत जाऊन आली.

परातीत मस्त हिरवंगार, अगदी खस सरबत. इतक्यात सोसायटीची मांजर वास घेत आली. आता त्या कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड आणि मांजराला थोडंसंही जीवघेणं, त्यामुळे एका हाताने प्लग आणि एका पायाने शुक शुक. गाडीच्या पुस्तकात साडेचार लिटर लिहिलंय, बाहेर आलं जेमतेम तीन. बाकीचं इंजिनच्या ब्लॉकमध्ये दडून बसतं, ते असं सहज निघत नाही.

नवीन कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धं-अर्धं केलं. हे मिश्रण उणे ३७ डिग्रीपर्यंत गोठत नाही. मुंबईत सगळ्यात कमी नोंदलेलं तापमान ७.४, तेही १९६२ साली! पण ते उकळतंही उशिरा आणि गंजही धरू देत नाही, तर ते असो.

खरा छळ पुढेच. आत अडकलेली हवा काढायला झाकण उघडं ठेवून इंजिन चालू ठेवायचं आणि हीटर फुल. मे महिन्यात. मुलुंडमध्ये. नऊ वर्षांत तो नॉब लाल खुणेकडे मी कधी नेलाच नव्हता. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह, उघडेपर्यंत तापमानाच्या काट्यावर नजर ठेवत आत बसलो, बनियन अंगाला चिकटलेलं, रेडिएटरमधून गुडगुड बुडबुडे येतायत, ते आले की उतरायचं, थोडं कूलंट ओतायचं, परत आत. तिसऱ्या मजल्यावरचे काका पिशवी घेऊन चाललेले, खिडकीतून डोकावले. "एसी बिघडला का रे?" म्हटलं, नाही काका, हीटर लावलाय मुद्दाम. ते काही न बोलता गेले आणि दहा मिनिटांत बायकोचा फोन, "बरा आहेस ना?"

शेवटी रेडिएटरचा पंखा घर्रकन सुरू झाला तेव्हा मी जवळजवळ टाळ्या वाजवल्या.

जुनं कूलंट गटारात ओतायचं नसतं, म्हणून कॅनमध्ये भरून त्याच मेकॅनिककडे नेऊन दिलं. त्याने कॅनकडे बघितलं, मग माझ्या हिरव्या बाहीकडे. बोलला काही नाही, पण हसला.

घरी येऊन परात घासायला घेतली, तर बायको म्हणाली ही आता स्वयंपाकघरात येणार नाही, विषय संपला. मलाही पटलं. मग तिने ती उलटी केली. काठावर कोरलेलं, "विवाहाप्रीत्यर्थ मामाकडून सप्रेम भेट". मामा पुढच्या रविवारी जेवायला येतायत.