१२ किलोच्या काशाच्या घंटेबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. एक तारा देऊन तुम्ही लिहिलं आहे की देवळात टांगल्यावर घंटा बद्द वाजते, दुकानातच तिचा आवाज थरथरत होता म्हणजे काशात भेसळ आहे, आणि वाईजवळच्या मेणवलीच्या मोठ्या घंटेसारखी ती घुमत नाही. तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. लोळ्याची, म्हणजे घंटेच्या आत लोंबणाऱ्या टोला देणाऱ्या दांड्याची, दोरी बाजूच्या खांबाला ओढून बांधली आहे, त्यामुळे लोळा घंटेच्या काठाला टेकून राहिलाय. नाद तिथेच मरतो.

टोला बसला की घंटेचा गोल काठ लंबगोल होतो, लगेच उलट्या दिशेने लंबगोल होतो, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं. डोळ्यांना दिसत नाही, पण काठाला हलकं बोट लावलं तर झिणझिण्या लागतात आणि त्याच बोटाने आवाज थांबतो. टेकलेला लोळा तेच करतो. शिवाय लोळा काठाला दाबून ठेवून दोरी ओढत राहिलं तर घंटेला तडाही जाऊ शकतो, म्हणून दोरी आजच सोडा. ती लोळ्यापासून सरळ खाली, सैल लोंबली पाहिजे. टोला देऊन लोळा लगेच मागे यायला हवा.

फोटोत आतून-बाहेरून सोनेरी ऑइलपेंटही दिसतो. रंगाचा जाड थर कंप गिळतो. पेंट रिमूव्हर लावून कापडाने पुसून काढा. ब्लोटॉर्चने जाळू नका. काशाला एकाच जागी आच लागली तर ते तडकतं. माथ्याची कडी हुकात मोकळी राहू द्या, तारेने तुळईला आवळू नका, आणि काठाचा कशालाही स्पर्श नको.

लोळ्याचा गोळा काठाजवळच्या सगळ्यात जाड पट्ट्यावर बसतो का, तेही पाहा. वर पातळ भागावर बसला तर आवाज किरटा येतो. लोळ्याचं वजन घंटेच्या साधारण विसाव्या ते पंचविसाव्या भागाइतकं, म्हणजे तुमच्या घंटेला ५०० ते ६०० ग्रॅम पुरे. तो मऊ लोखंडाचाच हवा, म्हणजे झिजलं तर लोळ्याने झिजावं, घंटेने नाही.

आता भेसळीचं. या घंटेत ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील आहे. कथील वाढवलं की धातू कडक होतो आणि नाद लांबतो, पण २५ टक्क्यांच्या पुढे तो काचेसारखा ठिसूळ होऊ लागतो. पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं आणि तिचा नाद लवकर विरतो. चांदी-सोनं घातल्याने आवाज सुधारतो असा समज आहे, पण आवाजासाठी त्याचा उपयोग नाही. थरथर मात्र भेसळीने येत नाही. ओतीव घंटेची जाडी सगळीकडे तंतोतंत सारखी नसते, म्हणून एकाच सुराचे दोन अगदी जवळचे स्वर निघतात. त्यांच्यात सेकंदाला दोन कंपनांचा फरक असला तर आवाज सेकंदाला दोनदा चढतो-उतरतो. आम्हाला तरी हा हेलकावा घंटेचं वैभव वाटतो.

१७३९ साली वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या ज्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या, त्यांतलीच मेणवलीची मानली जाते. तिच्या आकारापुढे १२ किलो म्हणजे काहीच नाही. तुमच्याच घंटेच्या ठेवणीची घंटा एक सप्तक खाली वाजवायची तर उंची, व्यास, जाडी सगळं दुप्पट करावं लागतं, म्हणजे वजन आठपट: ९६ किलो. घंटा घेताना हे आम्ही सांगायला हवं होतं आणि टांगण्याची सूचनाही द्यायला हवी होती. ही चूक आमची, त्याबद्दल माफी मागतो.

दोरी आणि रंग काढूनही आवाज बद्दच आला तर तड्याची शंका घ्या. घंटा दोरीवर मोकळी टांगून लाकडी हातोडीने काठाभोवती हलके टोले द्या. तडा असेल तर झरझर ऐकू येईल. मग काठावर रॉकेल चोपडा, अर्ध्या तासाने कोरडं पुसा आणि खडूची भुकटी लावा. तड्यातलं रॉकेल पाझरून भुकटीवर ओली रेघ उमटते. रेघ दिसली तर फोटो पाठवा, घंटा आमच्या खर्चाने बदलून देऊ. तडा डाख लावून सांधून परत पाठवणार नाही, नवीनच ओतू.