पिंजरा, पक्षी आणि हातातल्या वस्तूंची बेरीज

लातूर-नांदेडकडच्या प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: "जुन्या टेक्स्ट ॲडव्हेंचर (आज्ञा टाइप करून खेळायच्या) खेळांत वस्तूंचा हिशेब कधी चुकत नसे. मेमरी कमी, म्हणून एकेक ओळ तपासलेली. वस्तू कुठे आहे हे एका आकड्यात मावतं, त्यात चुकणार काय? आज इन्व्हेंटरी (खेळाडूकडच्या वस्तूंची यादी) बिघडते ती पोरांच्या आळसामुळे." मी मुलांना कोडिंग शिकवतो. आपल्या चुका म्हणजे आळसच, असं त्यांनी धरून चालावं हे मला पटत नाही.

आधी "एका आकड्यात मावतं" हे घेऊ. विल क्राउदर यांचा 'ॲडव्हेंचर' हा असाच खेळ डॉन वूड्स यांनी 1977 मध्ये वाढवला. फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या त्या कोडात प्रत्येक वस्तूच्या जागेचा आकडा आहे. हातात असेल तर उणे एक. पण तेवढंच नाही. प्रत्येक ठिकाणी कोणकोणत्या वस्तू पडल्यात याची साखळी वेगळी आहे आणि हातात एकूण किती वस्तू आहेत याची बेरीज आणखी वेगळी. मोंढ्यातल्या आडत दुकानासारखं समजा: पोत्याची पावती, थप्पी आणि फळ्यावरची बेरीज. हमालाने पोतं हलवलं की तिन्हीकडे बदल व्हायला हवा. एक जागा राहिली की संध्याकाळी हिशेब जुळत नाही.

"कधी चुकत नसे" म्हणणाऱ्यांनी पिंजरा उचलून बघावा. खेळाडूला सातच वस्तू नेता येतात. उचलण्याआधी कोड बघतो की बेरीज सातपेक्षा कमी आहे ना. हातात सहा वस्तू आहेत आणि समोर पक्षी असलेला पिंजरा आहे, असं धरा. तपासणी पास होते. मग पिंजऱ्यासोबत पक्षीही उचलला जातो, दोन्ही वेगवेगळे मोजले जातात आणि बेरीज होते आठ. बारदाना वेगळा आणि त्यातला माल वेगळा मोजल्यासारखंच हे. प्रोग्रॅमर एरिक रेमंड यांनी वूड्स यांच्या संमतीने 2017 मध्ये याच खेळाची 'ओपन ॲडव्हेंचर' ही आवृत्ती आणली, त्यातल्या दुरुस्त्यांत या दुहेरी मोजणीचा उल्लेख आहे. म्हणजे मूळ खेळानंतर 40 वर्षांनी.

याच्या अगदी उलट बाटलीतलं पाणी. बाटली उचलली की पाण्याची जागा थेट उणे एक केली जाते, बेरजेला हातच लागत नाही. आता खेळाडू मेला तर? हातातल्या सगळ्या वस्तू एकेक करून खाली टाकल्या जातात आणि दर वस्तूमागे बेरीज एकाने घटते. पाणीही त्या रांगेत आलं असतं, तर जे कधी मोजलंच नव्हतं ते वजा झालं असतं, बेरीज शून्याच्या खाली गेली असती आणि पुढच्या जन्मी एक वस्तू जास्त नेता आली असती. पण वूड्स यांच्या कोडात वस्तू टाकण्याआधीच पाणी आणि तेल यांची जागा शून्य केलेली आहे. त्या दोन ओळी मला फार आवडतात. पाण्याचा धोका ज्यांनी ओळखला, त्यांच्याच कोडात पक्षी मात्र दोनदा मोजला गेला. त्यांना आळशी कोण म्हणेल?

मेमरीचा मुद्दा इथे लागूच होत नाही. पक्ष्याची मोजणी टाळायला एक-दोन जास्तीच्या अटी पुरल्या असत्या.

राहिला आजच्या भाषांचा प्रश्न. क्लास (वस्तूचा साचा) लिहिला, वस्तूत तिची जागा ठेवली आणि खेळाडूकडे पिशवीची यादीही ठेवली, तर तीच गोष्ट दोन ठिकाणी आली. 'झॉर्क' हा टेक्स्ट ॲडव्हेंचर काढणाऱ्या इन्फोकॉम कंपनीने वस्तू झाडासारख्या मांडल्या: कोण कोणाच्या आत आणि शेजारी कोण. पिशवीत काय आहे ते झाडावरूनच कळतं. तिथेही पोत्यात पिशवी आणि त्याच पिशवीत पोतं घालू न देण्याची तपासणी खेळ लिहिणाऱ्यालाच करावी लागते.

माझ्या वर्गात मुलं आता दर आज्ञेनंतर हातातल्या वस्तू नव्याने मोजून बेरजेशी ताडून बघतात. फरक दिसला की प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि शेवटची आज्ञा छापतो.